चार दिवस घराला कुलूप, आत बॉल पायथन

पत्र थोडक्यात असं : वय 29, अंबड एमआयडीसीत नोकरी. पाथर्डी फाट्याजवळ भाड्याच्या वन बीएचकेमध्ये हा वाचक एकटा राहतो. तीन वर्षांपासून त्याच्याकडे एक मादी बॉल पायथन आहे, साधारण चार फुटांची, नाव चिकू. जानेवारीत कोल्हापूरला बहिणीच्या मुलीचं बारसं आहे. गुरुवारी रात्री निघून सोमवारी रात्री परत, म्हणजे चार रात्री घर बंद. सापाबद्दल घरमालकाला माहीत नाही आणि शेजाऱ्यांनाही नाही. समोरच्या काकूंकडे फ्लॅटची एक किल्ली असते, तुळशीला पाणी घालायला त्या येतात. ती किल्ली काहीतरी कारण सांगून परत घ्यावी, पेटीत एक जिवंत उंदीर सोडावा, उबेची मॅट चालू ठेवावी, झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारावी आणि निघावं, असा त्याचा बेत आहे. एक मित्र म्हणतो, ‘एवढं टेन्शन कशाला? त्र्यंबकच्या डोंगरात सोडून ये, साप आहे, जगेल.’ वाचकाचा प्रश्न : ‘चार दिवस तिला उपाशी ठेवणं क्रूरपणा ठरेल का? की मी बारशाला जायलाच नको?’

उत्तर :

बारशाला जा. भाचीचं नाव ठेवताना मामा हवाच. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तिला माझ्याशिवाय कोणी नाही.’ ते वाचून मी थोडा वेळ थांबले. त्या वाक्याकडे मी पुढे येणार आहे. माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे, भुकेत नाही.

तरी आधी भुकेबद्दल, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. चार दिवसांनी चिकू उपाशी मरणार नाही, तिचे हालही होणार नाहीत. बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या जुन्या वारुळांत दडून राहणारा. मोठी, निरोगी मादी एक ते दोन आठवड्यांतून एकदा खाते, आणि मध्येच मनाला येईल तेव्हा कित्येक आठवडे खाणं सोडूनही देते. पाळणारे घाबरून जातात, ती मात्र धडधाकट असते. तुम्ही तीन वर्षं तिला सांभाळताय, म्हणजे असा एखादा उपास तुम्ही पाहिलाच असेल. आपल्याकडे कोणाला उपाशी ठेवून घराबाहेर पडायचं म्हटलं की घास उतरत नाही. ही माया चांगलीच आहे, पण ती सापाला माणसाच्या पोटाने मोजते.

तुमच्या बेतातला सगळ्यात धोक्याचा भाग तो उंदीर आहे. बंद पेटीत भूक नसलेला साप आणि भेदरलेला, भुकेला उंदीर असे दोघे एकत्र ठेवले तर जखमी साप होतो. खायच्या मनःस्थितीत नसलेला बॉल पायथन वेटोळं घालून डोकं आत लपवतो आणि पडून राहतो. उंदीर रात्रभर त्याच्या पाठीची कातडी कुरतडत राहतो. कण्यापर्यंत गेलेल्या जखमा होतात, त्यात पू होतो, साप दगावूही शकतो. तुम्ही घरात असतानाही जिवंत उंदीर पेटीत सोडून पाठ फिरवायची नसते, आणि इथे तर तुम्ही साडेचारशे किलोमीटर लांब असणार. उंदीर अजिबात नको. निघण्याच्या आदल्या दिवशी पोटभर खाऊ घालून जाणं हेही नको. सापाला खाल्लेलं पचवायला बाहेरची ऊब लागते. पोटात अख्खा उंदीर असताना वीज गेली, पेटी थंड पडली, तर ती ते उलटून टाकेल, आणि त्या उलटीचा सापाच्या शरीराला मोठा फटका बसतो. शेवटचं खाणं निघण्याआधी सात-आठ दिवस. तेवढ्यात ते पचेल, तिची विष्ठाही पडून जाईल आणि तुम्ही स्वच्छ पेटी मागे ठेवून निघाल. परत आल्यावरही लगेच उंदीर पुढे करू नका, दोन दिवस जाऊ द्या.

पाण्याचं मात्र नीट बघा. जड, रुंद तळाचं भांडं घ्या. हलकं प्लास्टिकचं नको, कारण हे साप कधीकधी भांड्यातच वेटोळं घालून बसतात आणि ते कलंडतं. मग पाणीही जातं आणि खालचं अंथरूण चार दिवस ओलं राहून अंगाला बुरशी धरते. एक भांडं थंड बाजूला, दुसरं मध्यावर. मॅटच्या वर ठेवलं तर आपल्या कोरड्या हिवाळ्यात दोन दिवसांत आटेल.

आता उबेकडे. ‘मॅट चालू ठेवून जाईन’ एवढंच तुम्ही लिहिलंय, थर्मोस्टॅटचा, म्हणजे ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणाचा, उल्लेख नाही. म्हणून विचारते, मॅट थेट प्लगला लावलेली आहे का? तसं असेल तर कोल्हापूरचं तिकीट काढण्याआधी थर्मोस्टॅट घ्या. नुसती मॅट चटका बसेल इतकी तापू शकते, आणि खालून भाजत असलं तरी साप दर वेळी उठून बाजूला जातो असं नाही, पोटाची कातडी जळेपर्यंत तिथेच पडून राहिलेले साप पाहण्यात आहेत. उबेची बाजू 31 ते 33 अंश, दुसरी बाजू 25 ते 27, आणि कुठे बसायचं ते तिला ठरवू द्यायचं. थर्मोस्टॅट आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नका. त्याच्या तारेच्या टोकाला जो छोटा सेन्सर असतो तो सापाच्या धक्क्याने जागचा सुटला आणि पेटीबाहेर लोंबकळत राहिला, तर त्याला खोलीची थंडी लागते. तो समजतो पेटी गार आहे, आणि मॅटला तापव-तापव करत राहतो. सेन्सर पेटीच्या बाहेरून, मॅट आणि तळ यांच्यामध्ये घट्ट बसवा. मग ओढून बघा.

थंडीचं नाशिककरांना वेगळं सांगायला नको. निफाडचा पारा किती उतरला ही जानेवारीत रोजची बातमी असते, आणि शहरातही तो दहाच्या खाली येतो. बंद फ्लॅट इतका गार पडत नाही, पण रात्री घर अठरा-एकोणीसवर आलं आणि मॅट बंद असली तर आफ्रिकेतल्या सापाला तेही सोसत नाही. एखादी रात्र निभावते. ओळीने तीन-चार रात्री गेल्या तर छाती भरते, श्वासाला घरघर लागते, तोंडाशी बुडबुडे दिसतात. दोन-तीन तास वीज गेली तर घाबरण्याचं कारण नाही. त्यासाठी पेटीच्या मागे आणि दोन्ही बाजूंनी थर्माकोलचे तुकडे लावा, हवेची भोकं मोकळी ठेवा. देखभालीसाठी वीज बंद राहणार असेल तर महावितरणचा मेसेज नोंदवलेल्या नंबरवर येतो. तुमच्या बिलावर घरमालकाचा नंबर असेल, तर तो मेसेज तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. हे आजच बघून घ्या.

चिकटपट्टीबद्दल. गंगापूर रोडला माझी एक मैत्रीण राहते, तिच्या मुलाकडे असाच एक पायथन आहे. एकदा तिच्याकडे मुक्कामाला होते. रात्री एकच्या सुमाराला हॉलमधून बारीक, कागद सरकवल्यासारखा आवाज आला. दिवा न लावता मोबाइलच्या उजेडात पाहिलं. तो साप झाकणाच्या कडेने नाक घासत चालला होता. एका कोपऱ्याशी थांबायचा, नाकाने वर दाबायचा, सैल लागलं नाही की पुढच्या कोपऱ्याकडे. तिथेही तसंच. चारही कोपरे झाले की परत पहिला. मी वीस मिनिटं बघत होते, त्या वीस मिनिटांत त्याने एकही कोपरा वगळला नाही. दिवसभर मातीच्या गोळ्यासारखा पडून असलेला तो प्राणी रात्री असं काम करतो. तुम्ही चार रात्री नसणार, म्हणजे त्याच कोपऱ्यांवर अशा किती फेऱ्या होतील याचा हिशेब करा. चिकटपट्टी या दाबाला सुटते, आणि सुटून आत वळली तर सापाच्या अंगाला चिकटते. ती ओढून काढताना खवले निघून येतात. चिकटपट्टी आत, बाहेर, कुठेच नको. झाकणाला चारी बाजूंनी क्लिपा, सरकती काच असेल तर काचेचं छोटं कुलूप. त्याखेरीज पेटी ज्या खोलीत आहे तिचं दार बंद आणि दाराच्या फटीत जुनी चादर घट्ट गुंडाळून. बाथरूम आणि मोरीच्या भोकांना स्क्रूवाली जाळी. कमोडचं झाकण बंद.

एवढं केलंत तर एक निरोगी, मोठा बॉल पायथन चार रात्री एकटा राहू शकतो. सापाच्या बाजूने हा प्रश्न इथे संपला.

माणसांच्या बाजूने नाही संपला. ‘काकूंची किल्ली परत घ्यावी’ हे वाक्य तुमच्या पत्रात उंदराच्याही आधी आलंय. चार दिवस घर बंद राहणार आहे तेव्हा काय काय होऊ शकतं ते मनात आणा. वरच्या फ्लॅटमधून पाणी गळायला लागतं. शॉर्टसर्किटचा वास येतो. घरमालक प्लंबर घेऊन येतो, त्याच्याकडे त्याची किल्ली असणारच. आत शिरल्यावर त्याला पेटी दिसते, किंवा त्याहून वाईट, रिकामी पेटी आणि सोफ्याखाली वेटोळं दिसतं. तपकिरी-काळं अंग, त्यावर मोठे ठिपके. नाशिकमध्ये वाढलेल्या कोणाच्याही तोंडात पहिला शब्द येईल तो ‘घोणस’. आणि त्या सोसायटीत काठी शोधायला किती वेळ लागेल? चिकू बिनविषारी आहे, तिच्या जातीचे साप घाबरले की चेंडू होतात म्हणून त्यांना बॉल पायथन म्हणतात, हे सगळं सांगायला तिथे कोणी नसेल. तिच्या जिवाला धोका भुकेपेक्षा या अज्ञानाचा जास्त आहे, आणि ते अज्ञान तुम्हीच जपून ठेवलंय.

याची दुसरी बाजू मला जास्त घाबरवते. समजा तुम्ही फोनवर घाईघाईत कोणाला सांगितलं, ‘माझा साप सुटलाय, काही करत नाही, उचलून पेटीत टाका.’ त्या माणसाला पार्किंगमध्ये ठिपक्यांचा जाड साप दिसतो आणि तो वाकतो. पाथर्डी फाट्यापासून शेतं, पडीक प्लॉट लांब नाहीत. आपल्याकडे घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात घालणारे दरवर्षी चावा घेऊन दवाखान्यात पोचतात. म्हणून तुमच्या ओळखीत ज्यांना तुम्ही सांगाल त्या प्रत्येकाला हे एक वाक्य पाठ करून सांगा : पेटीबाहेर दिसलेल्या कुठल्याही सापाला हात लावायचा नाही, तो चिकू वाटला तरी नाही. लांबून नजर ठेवायची, दार लावून घ्यायचं, आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करायचा. चावलाच तर 108.

तर मग सांगायचं कोणाला? मी म्हणेन, काकूंना. ज्या बाईच्या हातात तुम्ही किल्ली देता, तिला आत काय आहे हे कळायला हवं. तीन वर्षं त्या सापाच्या पेटीपासून दोन खोल्या अंतरावर तुळशीला पाणी घालतायत. त्यांना हे उद्या दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर सापापेक्षा तुमचा राग जास्त येईल, आणि तो बरोबर असेल.

सांगताना निघायच्या दिवशी, बॅग खांद्याला लावून सांगू नका. एखाद्या रविवारी सकाळी जा. आधी फोटो दाखवा, मग त्यांची तयारी असेल तर पेटी, झाकण बंद ठेवून. हातात घेऊन समोर धरू नका, ‘बघा, काही करत नाही’ असं म्हणत तर मुळीच नाही. भीती अशी जात नसते. त्यांच्याकडून फक्त दिवसातून एकदा एवढंच मागा : बाहेर लावलेल्या थर्मामीटरचा आकडा बघून तुम्हाला मेसेज करणं, आणि झाकण लागलेलं आहे ना हे पाहणं. झाकण उघडायचं नाही, पाणी बदलायचं नाही. आणि हे आठवणीने सांगा, दुधाची वाटी आत ठेवायची नाही. नागपंचमीला आपण ठेवतो, श्रद्धेनेच ठेवतो, पण साप दूध पचवू शकत नाही. काकू प्रेमापोटी ठेवतील आणि चिकू आजारी पडेल.

त्या ‘नाही’ म्हणू शकतात. त्यांना तो हक्क आहे. मग निदान किल्ली त्यांच्याकडून घेताना खरं कारण सांगून घेतलेली असेल, आणि पेटी बघायला दुसरा माणूस शोधावा लागेल. साप हाताळायची सवय असलेला एखादा मित्र शनिवारी एकदा येऊन गेला तरी पुरेसं आहे. विदेशी प्राणी तपासणारा पशुवैद्य तुमच्या माहितीत असेल तर चार दिवस ठेवून घेतात का ते विचारा. तिथे दुसरे साप असतील तर मात्र नको, गोचिडीसारखे किडे आणि संसर्ग एका पेटीतून दुसरीत सहज जातात. वायफाय कॅमेरा लावायला हरकत नाही, मनाला बरं वाटेल. पण कोल्हापुरात बसून उघडं झाकण बघणं, आणि ते लावायला नाशिकमध्ये कोणीच नसणं, ही परिस्थिती कॅमेरा नसण्याहून वाईट.

तिला बरोबर न्यायचा विचार करत असाल तर सोडून द्या. रात्रभराची बस, थंडी, बाळंतिणीचं घर. मित्राने सांगितलेल्या त्र्यंबकबद्दल एवढंच, की पेटीत वाढलेला आफ्रिकन साप ब्रह्मगिरीच्या थंडीत सोडणं म्हणजे त्याला मारणं. फक्त ते आपल्याला दिसत नाही.

घरमालकाचा प्रश्न कठीण आहे, मी तो सोपा करून सांगणार नाही. तो घर खाली करायला सांगू शकतो. करारात पाळीव प्राण्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. पण त्याच्यासमोर उभं राहण्याआधी तुमची स्वतःची कागदपत्रं हातात हवीत, आणि त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. बॉल पायथन ही साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मधली जात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, त्यात अशा विदेशी जातींसाठी अनुसूची 4 आली, आणि 2024 च्या नियमांनुसार त्या पाळणाऱ्याने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची आहे. जुन्या प्राण्यांसाठी सहा महिन्यांची मुदत होती. तुमची नोंदणी झाली नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात स्वतःहून जाऊन विचारा. साप सुटून पंचनामा होताना विचारलं जाण्यापेक्षा ते बरं.

हेच वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. तुमच्याकडे धामण, मांडूळ, तस्कर, अजगराचं पिल्लू असं काही ‘वाचवून आणलेलं’ असेल, तर ते चार दिवस कुठे ठेवावं हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडचे साप घरात ठेवणं गुन्हा आहे, आजच वनविभागाकडे द्या. कॉर्न स्नेक असेल तर त्याला ऊब थोडी कमी लागते, पण फटीतून निसटण्यात तो पायथनच्या चार पावलं पुढे आहे. वर्षाच्या आतलं पिल्लू, नुकताच आणलेला, आजारी, किंवा डोळे दुधाळ होऊन कात टाकायला आलेला साप असेल तर चार दिवस एकटा ठेवू नका, रोज बघणारा माणूस हवा. आणि हे सगळं हिवाळ्याचं गणित आहे. एप्रिल-मेमध्ये खिडक्या बंद केलेल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पेटी भट्टी होते. तेव्हा मॅटपेक्षा उन्हाची खिडकी मारते. त्या दिवसांत माणसाशिवाय जाऊच नये. घर बंद करण्याआधी झुरळांची फवारणी करून घ्यायची सवय असेल तर ती साप असलेल्या घरात कधीच नको.

परत आलात आणि पेटी रिकामी दिसली तर? दिवे लावा, दारं बंद करा, धावपळ करू नका. तो बहुतेक वेळा त्याच खोलीत, उबदार आणि अरुंद जागी असतो. फ्रिजच्या मागे, इन्व्हर्टरच्या खाली, कपाटातल्या दुलयांच्या घडीत, सोफ्याच्या फाटक्या अस्तरात. नाही सापडला तर रात्री प्रत्येक दाराच्या उंबरठ्याशी कणकेचा पातळ पट्टा पसरून झोपा. सकाळी पिठात एक सरळ, रुंद रेघ उमटलेली असेल, तिच्या दिशेने शोधा.

आता त्या वाक्याकडे. ‘तिला माझ्याशिवाय कोणी नाही.’ तीन वर्षांत तुम्ही तिच्याबद्दल कोणाला सांगितलंच नाही, म्हणून कोणी नाही. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं जगतो. एवढ्या वर्षांत किती बारशी, किती लग्नं, एखादं आजारपण, बदली येईल? दर वेळी कोणाची तरी किल्ली परत घेत राहणार का? तुम्ही वाईट पाळणारे नाही. उपाशी राहील म्हणून बारसं सोडायला निघालेला माणूस वाईट असूच शकत नाही. तुम्ही घाबरलेले आहात, नाव ठेवतील, वेड्यात काढतील, घर जाईल म्हणून. ती भीती खरी आहे. पण तिची किंमत चिकू भरते.

बारशाला अजून तीन आठवडे आहेत. या शनिवारी एक रात्र देवळालीला किंवा कुठेही मित्राकडे मुक्कामाला जा, पेटी अगदी चार दिवसांसाठी लावाल तशीच लावून. रविवारी सकाळी येऊन सेन्सर, पाणी, क्लिपा बघा, थर्मामीटरवर रात्रीचा सगळ्यात कमी आकडा किती होता ते लिहून ठेवा. त्यानंतर चहा घेऊन समोरचं दार वाजवा. काकू काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा, आणि भाचीचं नाव काय ठेवलं तेही.